उजेड धरणारे गृहस्थ

गावाबाहेरील एका बंगल्याच्या बागेत चाललेला अत्यंत निवांत असा विवाहसोहळा मी टिपत होतो. वडिलांचे मनमोकळे हसू एका तरी छायाचित्रात यावे, एवढीच नवरीची इच्छा होती; परंतु कॅमेरा दिसताच ते गृहस्थ पाठ फिरवीत.

“बाबा, एकच फोटो.”

“माझ्या थोबाडानं कॅमेरा बिघडेल त्यांचा. मी आपला उजेड धरतो.”

असे म्हणून त्यांनी चेहऱ्यावर ऊन पाडण्याचा माझा पांढरा फलक उचलला आणि लेकीसमोर, माझ्या शेजारी ते उभे राहिले.



सायंकाळी नवरीचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत फलक धरून तोंडभर हसणारे वडील दिसले, आणि ती म्हणाली, “बाबा, सापडलात की.”