नवरदेव

माझ्या लेकीला, रेवाला, मागच्या साली डेंग्यू झाला, तेव्हापासून मी घरात वाटीभर पाणीही साचू दिलं नाही. यंदा मात्र अंगणातल्या बोरीखाली मीच एका डब्यात पाणी ओतलं आणि कामरगावहून आलेल्या आरोग्यसेविकेनं दिलेली डासांची अंडी त्यात सोडली. यातून फक्त नर निघतात, ते चावत नाहीत, असं ती सांगून गेली होती.

"कोंबड्याइचं पानी फेकून देत होती, अन् आता सोताच मच्छर पोसून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी दुपारी पहिला डास निघाला. ऊन अंगावर घेत, तरंगत आला आणि बाजेवर झोपलेल्या रेवाच्या मनगटावर बसला, मागच्या साली सलाईनची सुई होती तिथंच. माझा हात वर गेला आणि तसाच राहिला. तो नुसता बसला, मग उडाला.

"मारला कायले नाही?"

"नवरदेव आहे आई तो. नवरी शोधायला निघालाय."

सासूबाई हसल्या. "जाय बापा. लेकीबाळीनं घर भरू दे तुहं."

मी रेवाचं मनगट मुठीत धरलं. त्याच्या लेकी बापाकडूनच आलेल्या दोषानं, चावण्याइतक्या मोठ्या होण्याआधीच मरतील, म्हणूनच तो डबा आहे, हे मी सासूबाईंना सांगितलंच नव्हतं.