पायडलचा पाळणा

पायाचं प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी तुळसाबाईला सायकल चालवायला सांगितलं, पण नऊवारीतली बाई वस्तीतून सायकल कशी हाकणार? म्हणून तिच्या नवऱ्याने, हिंगण्यातल्या वेल्डर लहानूने, अंगणात गोल फिरणारा पाळणा उभारला. बसायला लाकडी पाट, पाटांपुढे सायकलची पायडलं. बसणाऱ्यांनीच पाय मारून फिरवायचा. पहिल्या दिवशी शेजारणी हौसेने आल्या अन् पाट दिसताच पंगतीतल्यासारखी मांडी घालून बसल्या. पायडलं रिकामीच राहिली. लहानूने कपाळावर हात मारला. महिनाभर साऱ्याचा विचार केला, मांडीचा केलाच नव्हता. "ढकल ना गा भाऊ," त्यांच्यातली बायजाबाई लहानूला म्हणाली. मांडी घालता येत नव्हती ती एकट्या तुळसाबाईला. तिचा आखडलेला पाय पायडलावरच टेकला होता. तिने तो हळूच दाबला. पाळणा करकरत वीतभर सरकला. ती खुदकन हसली. "पाय सोडा वं साऱ्याजणी. मी एकटी सगळ्यायले कितीक फिरवू?"