कठड्यावरचं पोर

"निघा आता त्या टेबलाखालून. माणसं यायला लागलीत," बायको म्हणाली.

दिव्यांच्या वायरी जोडून काका बाहेर आले. टेबलावर अख्खी गल्ली उभी होती. बेकरी, शिंप्याचं दुकान, लाकडी जिने, दोरीवर वाळत घातलेले नखाएवढे कपडे. खरी गल्ली रस्तारुंदीत केव्हाच गेली होती.

घरांची मॉडेलं बनवण्याचा काकांचा धंदा कॉम्प्युटरने पार बसवला होता. बिल्डर पडद्यावरच इमारती फिरवून दाखवू लागले आणि काका दुकानात माशा मारू लागले. अशात विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई देवासारख्या दारात उभ्या राहिल्या. छोट्या कलाव्यवसायाने आणि संशोधकाने जोडीने काम केलं तर अनुदान मिळणार होतं. जुन्या रहिवाशांच्या आठवणी बाईंनी गोळा करायच्या, काकांनी त्या उभ्या करायच्या.

"कारागीर त्याच गल्लीतला मिळाला तर सोन्याहून पिवळं," बाई म्हणाल्या होत्या.

"डोळे मिटले की दिसते हो ती गल्ली," काका म्हणाले होते. कारागीर गल्लीतलाच आहे, असं बाईंनी अर्जात लिहूनही टाकलं.

आज जुने रहिवासी मॉडेल बघणार होते, सोबत अनुदान समिती. त्यांनी मान डोलावली तर आणखी गल्ल्यांचं काम, नाक मुरडलं तर दुकानाला कुलूप.

"तोंडाला जरा लगाम घाला आज," बायकोने त्यांची कॉलर सारखी करत बजावलं. "बोलायचं काम बाईंचं."

खरं तर काका बोलायचे कुठे? बाईंनी आणलेली रेकॉर्डिंग ते वर्षभर ऐकत बसले होते. कुणीतरी बेकरीच्या सकाळच्या वासाबद्दल सांगायचं आणि यांचे डोळे भरून यायचे. "राहू द्या, उद्या करू," म्हणत बाई मशीन बंद करायच्या. हल्ली तर झोपेतही काकांना गल्लीतला लाकडी जिना दिसायचा, पायाखाली करकरायचा.

म्हातारी मंडळी टेबलाभोवती जमली. एक आजोबा खिदळले, "हाच तो शिंपी! माप आज घ्यायचा, कपडे पुढच्या वर्षी!" सगळे हसले. काकांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांनी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. कठड्यावर पाय सोडून एक पोर बसलं होतं.

"हे कोण?"

बाई गोंधळल्या. कुठल्याच आठवणीत असं पोर नव्हतं. मॉडेलात एखादा माणूस ठेवावाच लागतो, नाहीतर घराची उंची कळत नाही, म्हणून काकांनी ते मनानेच बसवलं होतं.

सगळ्यांत म्हाताऱ्या आजी पुढे आल्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग काकांकडे टक लावून पाहिलं.

"अरे लबाडा! तूच की रे हा! पाय आत घे, पाय आत घे म्हणून घसा कोरडा केला मी. पडलास ना शेवटी? गुडघा फुटला, तेव्हा रुमाल कुणी बांधला?"

"तुम्हीच," काका म्हणाले. "निळा होता, आजी. निळा रुमाल."

"निळाच!" आजींनी त्यांना कुशीत ओढलं आणि काका लहान मुलासारखे हमसून रडले. बाईंनी पदराने डोळे टिपले. "पुढच्या गल्ल्याही तुमच्याच," अध्यक्ष म्हणाले.

गर्दी चहाकडे वळली. काका भिंतीला टेकून अजून गुडघा चोळत होते. बायको जवळ आली, दंडाला धरून हळूच म्हणाली,

"अहो, भानावर या. लग्नानंतर आपण या शहरात पहिल्यांदा पाऊल ठेवलं, तेव्हा त्या गल्लीचा रस्ता होऊन गेला होता."