नवी आवृत्ती

मेल दोघांनाही एकदमच आला. शुभंकरने तो आधी वाचला आणि खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला, "उत्कर्षा, पाहिलंस? सिक्युरिटी रिलीज आलंय. जेवायच्या आत अपग्रेड मारायला हवं, नाहीतर वाट लागली आपली."

हिंजवडीच्या त्या ऑफिसात चुका नोंदवायला जो बग-ट्रॅकर वापरत, त्याची ही नवी आवृत्ती होती. फुकटातलं सॉफ्टवेअर, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही आतून उघडून पाहावं असं. गोष्ट चांगलीच. पण त्यातलं सुरक्षेचं एखादं भोक बुजवलं, की ते नेमकं कुठे होतं हेही त्याच दिवशी जगाला कळतं. ज्यांनी नवी आवृत्ती घातली ते वाचले. बाकीच्यांचा देवच वाली.

शुभंकर हुशार. त्याने जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी लावून भोक शोधलं आणि कंपनीच्याच सर्व्हरवर त्यातून आत शिरून पाहिलं. "बघ ना, पासवर्ड न देता सरळ अ‍ॅडमिन!" तो मनापासून हसला. तो नेहमीच मनापासून हसायचा. कुणाचा लॅपटॉप अडला तर जेवण टाकून उठायचा. बायको, सलोनी, माहेरी गेलीये असं त्याने सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

उत्कर्षाला खरं काय ते ठाऊक होतं. मंडईमागच्या एका महिला मदत संस्थेला हाच बग-ट्रॅकर तिने बसवून दिला होता. तक्रार नोंदवायची आणि ती सुटेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, एवढंच तर त्यांचं काम. सॉफ्टवेअरच्या चुकांच्या जागी बायकांची गाऱ्हाणी, बाकी सगळं तेच. एकदा बिघाड दुरुस्त करताना सलोनीची नोंद तिच्यासमोर उघडली. जिच्या लग्नात ती पोटभर जेवून आली होती, त्या मुलीचा नवऱ्याने मोडलेला हात, आणि खाली ती आता कुठे लपून राहते तो पत्ता. तेव्हापासून ती शुभंकरशी कामापुरतंच बोलायची.

"थांब हं," शुभंकर म्हणाला. त्याचं हसणं थांबलं होतं. "हे सॉफ्टवेअर मी अजून कुठेतरी पाहिलंय."

तो स्वतःचे जुने मेल धुंडाळू लागला. संस्थेने मागे त्याला सलोनीबद्दल बोलणी करायला बोलावलं होतं. ते पत्र बग-ट्रॅकरनेच धाडलं होतं, आणि अशा पत्राच्या तळाशी सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीचा आकडा आपोआप छापला जातो. आकडा जुना होता. नवी आवृत्ती आत्ता कुठे आली होती. संस्थेत ती घालणार कोण? उत्कर्षाच.

फोन करायची सोय नव्हती, तो हातभर अंतरावर बसलेला. तिने स्क्रीन जराशी तिरकी केली आणि संस्थेच्या सर्व्हरवर शिरली. आधी बॅकअप, मग अपग्रेड; तिच्या बोटांना दुसरं काही माहीतच नव्हतं. बॅकअप घेतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे तिने कितीतरी नवख्यांना दटावून शिकवलं होतं. बॅकअप सुरू झाला आणि मुंगीच्या पावलांनी सरकू लागला.

शेजारचा कीबोर्ड वाजायला लागला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो संस्थेच्या साइटचा पत्ता टाइप करत होता.

"काय करतोयस?" तिने विचारलं.

"काही नाही गं. बायकोशी बोलायचंय फक्त. कुणी बोलूच देत नाही."

क्षणभर तिला त्याची दया आली, आणि आपल्याला दया आली याचीच जास्त भीती वाटली. बॅकअप अजून निम्म्यावर होता. तिने तो मध्येच तोडला. नवी आवृत्ती घालायला आता वेळ नव्हता, म्हणून आख्खी साइट बंद करायची कमांड टाइप केली. एक अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केली आणि एंटर दाबलं.

"च्यायला!" शुभंकर म्हणाला.

त्याच्या स्क्रीनवर कोरं पान आलं होतं. वर एकच ओळ: देखभालीसाठी बंद. उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला. सलोनी वाचली होती.

शुभंकर मात्र अजून वाचतच होता. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. हे सॉफ्टवेअर बसवताना जबाबदार माणसाचं नाव भरावंच लागतं, त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तेव्हा घाईत तिने स्वतःचं नाव टाकलं होतं आणि विसरून गेली होती. साइट बंद असली की सॉफ्टवेअर ते इमानेइतबारे दाखवतं. तातडीच्या कामासाठी संपर्क: पुढे तिचं नाव, आडनावासकट.

त्याने मान वळवली. तिच्या स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे तुला माहितेय ती कुठे आहे," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

'नाही' म्हणणं सोपं होतं, पण आता ते कुणाला खरं वाटणार?

"माहितेय. सांगणार नाही."

त्याने तिच्या खुर्चीचा दांडा धरला आणि खुर्ची हळूच स्वतःकडे ओढली. चाकं सरकली. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकले.

"शुभंकर, हात काढ!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की डबे घेऊन जेवायला निघालेली सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि वळून पाहू लागली.

त्याने हात काढला नाही.