दुरुस्ती मंडळाची बारावी सही

“अकरा!” लाउडस्पीकर किंचाळली. “पक्कड, अकरा झाल्या! एकच राहिली गं!”

पक्कड म्हणजे नववीतली ती मुलगी, जिच्या दप्तरात डब्याशेजारी कायम एक पक्कड असायची. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटात उरलं होतं. आणि लाउडस्पीकर ही तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचं नाव कशावरून पडलं, हे सांगायला नको.

शाळेच्या सभागृहात आज सगळी विद्यार्थी मंडळं टेबलं मांडून बसली होती. नियम सोपा होता. शेवटच्या घंटेपर्यंत बारा सह्या जमवा, मंडळाला वर्षभराची मान्यता घ्या. नाट्य मंडळापुढे रांग होती. गुणवंत मंडळाच्या टेबलावर मखमली कापड आणि चकचकीत कप होते. दुरुस्ती मंडळाच्या टेबलावर उघडलेला पंखा होता. मुलं यायची, ग्रीस बघायची आणि हात मागे घेऊन पुढे सटकायची. दोघींच्या स्वतःच्या धरून कशाबशा अकरा सह्या जमल्या होत्या.

बारावी मिळाली नाही, तर मंडळाची प्रयोगशाळेमागची खोली जाणार होती. त्याच खोलीतल्या डुगडुगत्या टेबलावर पक्कडने पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त केलं होतं, शिपाईमामांचा रेडिओ. आता गुणवंत मंडळाला तिथे कपांचं कपाट ठेवायचं होतं.

चार वाजले. जिन्याजवळ मामांनी घंटेचं बटण दाबलं. घंटा वाजलीच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. ढिम्म!

उपमुख्याध्यापिका बाई तरातरा आल्या. “मामा, काय झालं?”

“दाबतोय बाई. बिघडलेली दिसते.”

अर्ज गोळा करायला निघालेली मुलं जागीच थांबली. गेल्या वर्षी प्रत्येकाचं घड्याळ वेगळं निघालं होतं आणि त्यावरून महाभारत झालं होतं. तेव्हा बाईंनीच ठणकावलं होतं, घड्याळ नाही, घंटा. बाई आपल्या शब्दाला पक्क्या होत्या. “घंटा होईपर्यंत कुणी अर्ज देणार नाही आणि कुणी घरीही जाणार नाही,” त्यांनी जाहीर केलं. सगळी शाळा जिन्याजवळ गोळा झाली.

लाउडस्पीकरने पक्कडचा दंड धरला. “देव पावला! चल, आता एक गिऱ्हाईक तर नक्की गाठू!”

पण पक्कड जागची हलेना. तिची नजर भिंतीवरच्या घंटेच्या पेटीवर खिळली होती.

“ए बाई, तिकडे बघूसुद्धा नकोस,” लाउडस्पीकर आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजली. “ती वाजली की आपण संपलो!”

“बिघडलेलं दिसतंय आणि हात बांधून बसू? मग कसलं गं आपलं दुरुस्ती मंडळ?”

पक्कडने मामांचं स्टूल ओढलं. मामा मध्येच आडवे आले. “राहू दे पोरी. वायरमनला बोलावतो मी. तू तुझ्या सह्या बघ.”

“वायरमन उद्या उगवेल, मामा. मेन बंद करा.”

मामांनी मोठा उसासा सोडला आणि अगदी नाइलाजाने मेन बंद केला. पक्कड वर चढली. तिने पेटीचं झाकण काढलं. तांबडी वायर नुसतीच लोंबत होती. तिला धरणारा स्क्रूच गायब होता. बाकी सगळं ठणठणीत! ‘असा कसा पडला हा?’ तिला नवल वाटलं, पण विचार करायला सवड कुठे होती? तिने आपल्या डबीतला एक स्क्रू शोधला, वायर त्याच्याखाली दाबली आणि तो पिळून घट्ट बसवला. दोनच मिनिटं. खाली तीनशे मुलं माना वर करून बघत होती आणि एवढी शांतता त्या शाळेत परीक्षेलाही नसायची.

“झालं!” ती खाली उतरली. “मेन चालू करा आणि दाबा, मामा.” तिने पक्कड दप्तरात टाकली. गेली खोली.

तेवढ्यात तिच्या बाहीला कुणीतरी हिसका दिला. पाचवीतली एक चिमुरडी होती. “ताई, मला शिकवशील हे?”

“सही कर, लगेच शिकवते!” लाउडस्पीकर गरजली आणि तिने अर्ज पुढे केला.

बारा! मग तिच्यामागून एक हात आला. मग चार आले. “मला पण!” “ए, ढकलू नकोस, माझा नंबर आहे!” एकाच पेनावर झोंबाझोंबी झाली. गुणवंत मंडळाचा कॅप्टन बिल्ला सावरत घुसला. “आमच्या घरचा मिक्सर बंद आहे,” तो ओशाळून म्हणाला आणि त्याने झोकदार सही ठोकली.

“मामा, घंटा!” बाई ओरडल्या.

“आलो बाई. चष्मा पुसतोय.”

मामांनी एक काच पुसली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. अर्जावरची शेवटची ओळ भरली, तेव्हा कुठे त्यांना बटण सापडलं. घंटा अशी खणखणीत वाजली की खिडक्यांची तावदानं थरथरली. बाईंनी सह्या मोजल्या. एकोणीस! “उद्या खोली झाडून घ्या,” त्या म्हणाल्या. लाउडस्पीकरने अशी काही आरोळी ठोकली की घंटाही फिकी पडली. पक्कड हसत होती, डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच.

गर्दी पांगल्यावर मामांनी तिला बाजूला बोलावलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मूठ उघडली. तळहातावर एक पितळी स्क्रू होता.

“कपाळ माझं!” मामा म्हणाले. “मघाची, आधीच्या तासाची घंटा दिली आणि लगेच हा काढून ठेवला, म्हटलं पोरीला अर्धा तास तरी मिळेल, आणि तू दोन मिनिटांत दुसरा बसवलास!”