केसभर मागे

जुना कोळशाचा बॉयलर पुन्हा पेटवायचा की नाही, हे त्या सकाळी ठरणार होतं. अणुकेंद्रकं एकत्र जोडून गावाला वीज देणारं संलयन यंत्र तीन दिवस सारखं बंद पडत होतं, कारण आतल्या प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचं, विद्युत विभव (व्होल्टेज) नीट मोजताच येत नव्हतं. तंत्रज्ञ इंदू मेश्रामने मोजणीच्या सळीचं टोक सळीभोवतीच्या चिनीमातीच्या नळीत मागे ओढलं.

"मागे का घेतेस?" प्रमुख देवगडेंनी विचारलं.

"बाहेर ठेवलं की चपळ इलेक्ट्रॉनच त्यावर तुटून पडतात, सर, आणि आकडा कमी येतो. यंत्रातल्या चुंबकामुळे त्यांच्या गिरक्या अगदी लहान असतात, म्हणून ते नळीत शिरत नाहीत. जड आयनांच्या गिरक्या मोठ्या, ते आत पोचतात. दोघं सारखे पोचले की आकडा खरा."

तिने टोक आणखी केसभर ओढलं. आकडा चढला आणि स्थिरावला. देवगडेंनी त्यावरून यंत्राचा तोल साधला. दोन तास ते अखंड चाललं, तेव्हा त्यांनी बॉयलर न पेटवण्याचा हुकूम दिला.

इंदूने घरी फोन लावला. "आई, धूर नाही होणार."

 आई म्हणाली, "मग पापड अंगणातच वाळत घालते. तू जेवायला ये."