पाठ

“पाठ दुखते का?” या प्रश्नापुढे नववीतल्या केतकीने ‘अजिबात नाही’वर खूण केली, पंधरा दिवसांपूर्वी केली होती तशीच. मणक्याचा बाक काढायच्या ऑपरेशननंतर पेशंटने भरायची ही प्रश्नावली आम्ही मराठीत आणली होती, आणि दोन्ही वेळची उत्तरं जुळली तरच ती भरवशाची ठरणार होती.

बावीसच्या बावीस जुळली. आजवर एवढी कुणाचीच जुळली नव्हती. “शाब्बास!” मी म्हणाले.

उठताना तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“काय गं, दुखतंय?”

“आठवडा झाला, मॅडम. पण त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, पुढच्या वेळी उत्तरं जुळायला हवीत. म्हणून मी घरी जाऊन सगळी वहीत लिहिली आणि पाठ केली.”

म्हणाले होते. मोबाइल बघता बघता, तिच्या तोंडाकडेही न बघता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फॉर्म बाजूला सारला. “कुठे दुखतंय, दाखव मला.”

तिचा हात पाठीकडे गेला आणि मधेच थांबला. तिने फॉर्मकडे पाहिलं.

“पण मॅडम, मग तुमचं चुकेल ना?”